दारोदारची वर्गणी : अण्णासाहेब कर्वे आणि त्यांचे देणगीदार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास आमच्याहून अधिक अधिकारी मंडळी येथे आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतले; या शहरात येऊन आम्हांस उणीपुरी सहा वर्षे झाली. त्यांपैकी तीन वर्षे मात्र मंडळाच्या खजिन्याची जोखीम आमच्याकडे होती. त्या काळात एका सायंकाळी आम्हांला एक प्रश्न विचारला गेला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही शंभर-सव्वाशे वर्षे मागे, थेट हिंगण्याच्या माळापर्यंत जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा घडला. मंडळाच्या सभागृहाचे छप्पर पावसाळ्यात गळू लागले होते. दुरुस्तीसाठी निधी उभारण्याचे ठरले आणि तहहयात सभासदांची जुनी यादी घेऊन आम्ही घरोघर निघालो. यादीत एक निवृत्त गृहस्थ होते. सभागृहाची पायाभरणी झाली तेव्हा त्यांनी आपला एका महिन्याचा सगळा पगार मंडळाला दिला होता, असे जुन्या सभासदांकडून ऐकले होते. त्यांनी आमचे यथायोग्य स्वागत केले, चहा दिला, आणि मग शांतपणे म्हणाले, "साहेब, पैसे देतो. पण एक विचारू का? इतक्या वर्षांत मंडळाकडून माझ्या घरी आलेले तुम्ही पहिलेच. आमची ही गेली, तेव्हासुद्धा कुणी फिरकलं नाही. आज छप्पर गळायला लागलं, तेव्हा माझी आठवण झाली. असं का व्हावं?"

त्यांनी धनादेश लिहून दिला. पावती फाडताना आमचा हात मात्र जड झाला. नोकरीत आम्ही अनुदानांच्या पुष्कळ नस्त्या हाताळल्या आहेत. अनुदान मंजूर झाले, खर्च झाला, उपयोगिता प्रमाणपत्र आले की नस्ती बंद होते. त्या गृहस्थांच्या बाबतीत मंडळाने हेच केले होते. 'तहहयात सभासद' या भारदस्त शब्दाचा व्यवहारातील अर्थ 'ज्यांच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण उरले नाही असे सभासद' एवढाच राहिला होता.

त्या रात्री आम्हांला आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेची आठवण झाली. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त आयुष्यभर महाराष्ट्राबाहेर राहिले. त्यांच्या ट्रंकेत घराचे कागद, विम्याचे हप्ते आणि मुलांच्या गुणपत्रिका यांच्यासमवेत दोऱ्याने बांधलेला पावत्यांचा एक लहानसा गठ्ठा असे. पुण्याच्या मावशीआजी दर दिवाळीपूर्वी पोस्टकार्ड पाठवून हिंगण्याच्या भाऊबिजेची आठवण करून देत. आजोबा मनिऑर्डर करीत आणि काही दिवसांनी मावशीआजींच्या पत्रातून पावती येई. रक्कम अगदी थोडी असे. लहानपणी आम्ही एकदा आजीला विचारले होते, की आजोबांना तर सख्खी बहीण नाही, मग ही भाऊबीज कुणाला? आजी म्हणाली, "अरे, कर्व्यांच्या मुलींना. त्यांनाही भाऊ नकोत का?" आजोबा गेल्यानंतरही आमच्या वडिलांनी ती मनिऑर्डर चालू ठेवली. ज्या संस्थेचे दार आमच्या घरातील कोणी पाहिले नव्हते, तिच्याशी दोन पिढ्यांचे नाते कसे जुळून आले असावे? त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे, असे आम्हांस वाटले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र मराठी वाचकांस परिचित आहे. विधवांच्या शिक्षणाचे अध्वर्यू म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या दीर्घ आयुष्याचा मोठा भाग लोकांकडे पैसे मागण्यात गेला, या गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते कसे मागत, कोणाकडे मागत आणि मागितल्यावर काय करीत, हा आपल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासातील एक स्वतंत्र अध्याय आहे.

आपल्याकडे दानधर्माची परंपरा जुनी. पण तिची रीत निराळी होती. देऊळ, घाट, धर्मशाळा, अन्नछत्र यांसाठी राजे, सरदार, सावकार देत. दान दिले की पुण्य पदरी पडे. हिशेब मागण्याचा प्रश्न उद्भवत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा, महाविद्यालये, वाचनालये अशा नव्या सार्वजनिक संस्था उभ्या राहू लागल्या आणि मध्यमवर्गाकडून वर्गणी मागण्याची नवी रीत सुरू झाली. १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले असत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या सुट्ट्या फर्ग्युसन महाविद्यालयासाठी निधी जमविण्यात घालविल्या, हे सर्वश्रुत आहे. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. थोड्यांकडून पुष्कळ घेण्याऐवजी पुष्कळांकडून थोडे घ्यावे, हा विचार त्या काळच्या हवेतच होता.

या हवेत कर्व्यांसारखा माणूस वर्गणीच्या कामी यशस्वी व्हावा, हे वरवर पाहता नवल होते. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. बालपण दापोली तालुक्यातील मुरुड गावी गेले. प्रकृतीने किरकोळ, स्वभावाने कमालीचे भिडस्त, वक्तृत्वाची देणगी नाही. सातारला परीक्षेस बसण्यासाठी ते सह्याद्री ओलांडून सुमारे एकशेदहा मैल पायी गेले. आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. मुलगा निमूटपणे परत फिरला. १८८४ साली ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले आणि १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. अशा माणसाकडे देणगीदाराला भुरळ घालण्याजोगे काहीही नव्हते. होता तो एक हिशेबी स्वभाव आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय.

या सवयीचा पहिला वापर त्यांनी स्वतःच्या गावासाठी केला. मुरुडची पुष्कळ मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईस व अन्यत्र विखुरलेली होती. या मंडळींनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात लहानसा वाटा गावाच्या हितासाठी द्यावा, या कल्पनेतून कर्व्यांनी 'मुरुड फंड' सुरू केला. गाव सोडून दूर गेलेल्या माणसाला गावासाठी काही करावेसे वाटते, पण ते कसे करावे हे कळत नाही. त्याच्या या ओढीला नियमित वर्गणीचे वळण देणे, हे त्यांचे पहिले निधिसंकलन. दूरदेशी राहणाऱ्या आपणां मंडळींना यातील मर्म अधिक उलगडून सांगावयास नको.

१८९३ साली कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. घरच्या माणसांनाही त्यांची झळ सोसावी लागली. त्याच वर्षी कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी एक मंडळी स्थापन केली होती. तथापि हाती येणारे विवाह थोडे आणि समाजाचा रोष मोठा, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. विधवेला स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतके शिक्षण द्यावे, म्हणजे पुढील मार्ग तिचा ती निवडील, या विचाराने त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली.

येथे देणगीदारांच्या संदर्भात एक अवघड प्रश्न उभा राहिला. समाजातील पुष्कळ सज्जनांना विधवांची दुःस्थिती दिसत होती. त्यांच्या शिक्षणासाठी चार पैसे देण्याची त्यांची तयारीही होती. परंतु पुनर्विवाह त्यांना मान्य नव्हता. आपण शिक्षणासाठी दिलेला पैसा पुनर्विवाहाच्या कामी लागेल, ही शंका त्यांचा हात आखडून धरी; आणि मागणारा तर स्वतः पुनर्विवाहित! कर्व्यांनी यावर जो तोडगा काढला, त्याबद्दल सुधारकांपैकी काहींनी त्यांना दोषही दिला. त्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामे पूर्णपणे अलग केली आणि पुनर्विवाहाच्या प्रचारातून ते स्वतः बाजूला झाले. आपले मत त्यांनी बदलले नाही, लपविलेही नाही. पण ज्या कारणासाठी पैसा घेतला त्याच कारणासाठी तो खर्च होईल, ही हमी आपल्या वर्तनाने दिली.

हा कच खाण्याचा प्रकार होता की दूरदृष्टीचा, यावर त्या काळी वाद झाला आणि आजही होऊ शकेल. पुनर्विवाहाच्या चळवळीचा एक खंदा कार्यकर्ता त्यामुळे कमी झाला, हे खरेच आहे. ती किंमत लहान नव्हती. आमच्यापुरते बोलायचे तर, सरकारी पैशाचा हिशेब आयुष्यभर पाहिल्यामुळे, एका शीर्षाखाली घेतलेला पैसा दुसऱ्या शीर्षाखाली न वळविण्याचे मोल आम्ही जाणतो. न पटणाऱ्या माणसाकडूनही मदत घेता येते. मात्र त्याने घातलेली मर्यादा त्याच्या पाठीमागेही पाळावी लागते. सनातनी घरांची दारे आश्रमासाठी हळूहळू उघडली, ती यामुळे.

आश्रम प्रथम पुणे शहरात होता. प्लेगच्या साथीमुळे तो गावाबाहेर हलविणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली त्या माळावर आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर महाविद्यालयात शिकवीत आणि सायंकाळी चिखल तुडवीत हिंगण्यास जात. सुट्टी लागली की वर्गणीसाठी प्रवासास निघत. आश्रमाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होई. गेल्या वर्षी ज्याने रुपया दिला त्याच्याकडे यंदा जाताना, त्या रुपयाचे काय झाले हे सांगण्याची सोय त्यामुळे होती. पैसे देणाऱ्याला पुन्हा भेटायचे आहे, हे एकदा ठरले की हिशेब आपोआप चोख राहतो.

दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या घरातून काढून दिले, ही गोष्टही विसरता कामा नये. आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. हा त्याग कौतुकास्पद खरा; पण त्याचा भार कोणी उचलला, हे पाहावयाचे असेल तर आनंदीबाईंचे १९४४ साली प्रसिद्ध झालेले 'माझे पुराण' हे आत्मचरित्र वाचावे. लोकोत्तर पुरुषाचा संसार चालविणाऱ्या बाईला काय काय सोसावे लागते, हे त्यात कसलाही आडपडदा न ठेवता आले आहे. संस्थेच्या देणगीदारांची यादी करावयाची झाल्यास त्यात पहिले नाव बायांचे घालावे लागेल. त्यांना पावती मात्र कोणी दिली नाही.

आश्रमाच्या वर्गणीच्या कामाची दुसरी मोठी शिलेदार म्हणजे आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले. लहान वयात वैधव्य आलेल्या, उशिरा शिकलेल्या या बाई आश्रमासाठी गावोगाव हिंडून व्याख्याने देत आणि मदत गोळा करीत. प्रारंभीची अनेक वर्षे त्या केशवपन केलेल्या विधवेच्या पारंपरिक वेषातच वावरत. ज्या माजघरात सुधारकाला प्रवेश मिळाला नसता, तेथे त्यांना पाटावर बसवून घेतले जाई आणि त्यांचे बोलणे घरातील बायका डोळे पुसत ऐकत. पुढे त्यांनी तो वेष विचारपूर्वक टाकला. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जेमतेम इंग्रजी येत असताना त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी चरितार्थ चालविला, आजारपण काढले, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी मदत घेऊन १९२० साली परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. कर्व्यांच्या नावाने दिलेल्या पुष्कळशा देणग्या वस्तुतः पार्वतीबाईंच्या पायपिटीने आलेल्या असणार.

१९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती प्रत्यक्षात आणली. सरकारची मान्यता नाही, गंगाजळी नाही, विद्यार्थिनी मोजक्या. पहिले कुलपती म्हणून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर लाभले, हे भाग्य. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या विद्यापीठाच्या घटनेत ठराविक वार्षिक वर्गणी देणाऱ्या पदवीधरांना व इतर नागरिकांना सिनेटवर प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क होता. देशभर हिंडून कर्व्यांनी असे वर्गणीदार मिळविले. वर्गणीदार हा केवळ दाता न राहता मतदार झाला. संस्थेच्या कारभारात त्याला आवाज मिळाला. ज्याला बोलण्याचा अधिकार दिला, तो पाठ फिरवीत नाही.

या बाबतीत महात्मा गांधींचे उदाहरण बोलके आहे. मातृभाषेतून शिक्षण देण्याचे धोरण त्यांना प्रिय होते. परंतु इंग्रजी हा विषय आवश्यक ठेवावा, हे त्यांना पसंत नव्हते. तो ऐच्छिक असावा, असे त्यांचे मत होते. मतभेद त्यांनी स्पष्ट सांगितला आणि तरीही वर्गणी दिली. कर्व्यांनी वर्गणी स्वीकारली आणि इंग्रजीही आवश्यक ठेवले. आपले काम आणि आपला दाता या दोघांशीही प्रामाणिक राहण्याची ही रीत होती.

अर्थात् केवळ लहान वर्गण्यांवर विद्यापीठ चालले असते, असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी परदेश प्रवासात जपानचे महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले आणि परतल्यावर १९२० साली कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास देण्यात आले. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस हलले. हिंगण्याच्या माळाशी जडलेल्या पुष्कळांना हा बदल जड गेला असल्यास नवल नाही. मोठी देणगी संस्थेला स्थैर्य देते, तशीच दिशाही देते. मात्र ठाकरसी घराण्याचे नातेही देणगीपाशी संपले नाही. सर विठ्ठलदास १९२२ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी विद्यापीठाची धुरा पुढे अनेक वर्षे वाहिली, आणि १९५१ साली कायद्याने मान्यता मिळाल्यावर त्याच विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. देणगीदाराच्या घरातील माणूस कार्यकर्ता व्हावे, याहून मोठी पावती संस्थेला मिळू शकत नाही.

विद्यापीठ मुंबईस गेले. हिंगण्याची संस्था मात्र आपल्या जागी राहिली आणि तिने लहान दात्यांचा हात सोडला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तेथे सुरू झालेली 'भाऊबीज निधी'ची योजना हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण होय. दिवाळीच्या सुमारास स्वयंसेवक घरोघर जाऊन संस्थेतील मुलींसाठी ओवाळणी मागतात. शिक्षणासाठी देणगी मागितली, की माणूस आधी खिसा चाचपतो. बहिणीची ओवाळणी मागितली, की तो आधी स्वतःकडे पाहतो. भाऊबीज कोणी एकदाच देऊन मोकळा होत नाही. ती दरवर्षी यावयाचीच. तिची रक्कम कोणी मोजीत नाही, आणि ती चुकली तर मात्र दोन्हीकडे चुटपूट लागते. पंचांगातील एक दिवस आणि घरातील एक नाते यांना वर्गणीची जोड देऊन संस्थेने दात्याला कायमचे आपले करून घेतले. आमच्या आजोबांच्या ट्रंकेतील गठ्ठ्याचे रहस्य हेच. शंभर वर्षे होऊन गेली, हिंगणे बुद्रुकच्या त्या परिसराला कर्वेनगर हे नाव पडले, संस्थाही आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. पण भाऊबीज निधी अद्याप चालू आहे.

सत्तरी उलटल्यावर माणसे काशीयात्रेस जातात. कर्वे १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या प्रवासास निघाले. आणि तेथून परत आल्यावर १९३० च्या अखेरीस आफ्रिकेस गेले. त्यांचे चिरंजीव डॉ. शंकरराव मोंबासा येथे वैद्यकीय व्यवसाय करीत होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार येथपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत ते हिंदी वस्त्यांतून हिंडले. घरदार सोडून समुद्रापलीकडे गेलेल्या दुकानदारांनी, कारकुनांनी, कंत्राटदारांनी त्यांना आपापल्या शक्तीप्रमाणे मदत केली. त्यांतील बहुतेकांच्या मुली हिंगण्यास कधीच शिकावयास जाणार नव्हत्या. तरीही त्यांनी दिले. कारण एवढा वृद्ध माणूस आपल्याला शोधीत इतक्या दूर आला, याचेच त्यांना अप्रूप होते. परमुलुखात राहणाऱ्याला मागणी येण्यापेक्षा विस्मृतीत जाण्याचे भय अधिक असते, हे आपण सारे जाणतो.

आणि एवढे सारे झाल्यावर, १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी एक नवे मंडळ काढले. आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून त्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूला ठेवून ते पुण्याच्या पेठांतून दारोदार वर्गणी गोळा करीत फिरले. पंधरा लक्षांची देणगी मिळविलेला माणूस किरकोळ वर्गणीसाठी जिने चढत होता. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. 'महर्षी' ही पदवी आपण त्यांना दिली. आमच्या मते 'खजिनदार' हीही त्यांची तितकीच खरी ओळख आहे.

आता आमच्या मंडळाकडे वळू. आपण काही विद्यापीठ चालवीत नाही. गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी अंकांचे वाचनालय, मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग आणि एक गळके सभागृह, एवढाच आपला पसारा. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून हा पसारा मांडला, त्यांना आपण एकदा तहहयात सभासद करून मोकळे झालो. त्यांची मुले बंगळूरला, अमेरिकेला गेली. त्यांच्याशी मंडळाचा धागा जुळलाच नाही. नव्याने आलेल्या तरुण कुटुंबांकडे आपण गणपतीच्या आठ दिवस आधी पावतीपुस्तक घेऊन जातो आणि विसर्जनानंतर त्यांना विसरतो. मग 'नव्या पिढीला मंडळाची आस्था नाही' असे वार्षिक सभेत म्हणतो. आस्था येण्यासाठी आधी ये-जा असावी लागते, आणि ती मागणाऱ्याने सुरू करावयाची असते, हे कर्व्यांच्या चरित्रातून आम्ही शिकलो. ही टीका इतरांवर नाही. तीन वर्षे खजिनदार आम्हीच होतो.

छपराची दुरुस्ती पुरी झाल्यावर आम्ही एक साधी गोष्ट केली. किती रुपये जमले, पत्र्यांना किती लागले, मजुरी किती, शिल्लक किती, याचा हिशेब एका पानावर मांडला आणि ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांच्या घरी तो स्वतः नेऊन दिला. त्या दिवशी पावतीपुस्तक मुद्दाम घरी ठेवले होते. प्रारंभी ज्यांचा उल्लेख केला, त्या गृहस्थांकडे आम्ही भाऊबिजेच्या सायंकाळी गेलो. दारात आम्हांला पाहून ते क्षणभर घुटमळले. आणखी काय गळू लागले, असे त्यांना वाटले असावे. हिशेबाचा कागद हाती दिला, तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि शेवटच्या आकड्यापर्यंत तो वाचून काढला. मग आत हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाले, "साहेब, पत्र्यांचा भाव जास्त लावलाय हो तुम्हांला. माझ्या ओळखीचा दुकानदार होता. विचारायचं तरी होतं."

पुढील वर्षी सभागृहाची रंगरंगोटी करावयाची आहे. भाव ठरविण्यासाठी त्यांनाच बरोबर न्यावयाचे, असे कार्यकारिणीने ठरविले आहे, आणि त्यांनी ते मान्य केले आहे.